छातीच्या उंचीवर

पहिल्या रविवारी मी सगळ्यांना सांगते:
खोडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजायचा.
कुणीतरी विचारतंच, कुणाच्या छातीच्या?
हशा होतो. मी पुढे सरकते,
कारण माणसं एकवीस आणि टेपा चार,
आणि नऊनंतर पारसिकच्या या उतारावर
ऊन दोनदा लागतं,
एकदा वरून, एकदा खाणीच्या उघड्या कातळावरून.

इथून खडी जायची, सेक्टर बांधायला.
आता तीनशे सहा झाडं,
प्रत्येकाला पत्र्याचा बिल्ला, तारेला स्प्रिंग.
खिळा नाही. खिळा झाड गिळतं, नंबरासकट.

टी-शर्टवर कंपनीचं नाव असलेली पोरं
एकदाच येतात, रोप बुडेपर्यंत पाणी घालतात,
फोटो काढतात, जातात.
मी रागवत नाही. पदीबाई रागावते.
आग्रोळीहून सहाला येऊन तिनं केलेली आळी
त्यांच्या बुटांनी सपाट झालेली असतात.

खांडेपारकर अकरा वर्षं आले.
ठाणे-बेलापूर रस्त्यावर रंगाच्या कारखान्यात
नमुने तपासण्यात जन्म गेलेला माणूस,
सहा फूट दोन इंच, कानावर पेन्सिल.
नमस्कारसुद्धा मोजून.
"एकशे अठरा. हेदू. ब्याऐंशी पूर्णांक चार."
मी लिहून घ्यायचे.
सगळ्या वहीत त्यांचं अक्षर नाही, नाव नाही,
नुसते दशांश.

मार्चमध्ये ते आले नाहीत.
एप्रिलमध्ये त्यांची सून टेप देऊन गेली,
धुतलेली, गुंडाळलेली, वर रबरबँड.

त्या वर्षीची मोजणी रुहीनकडे आली.
बारावीची परीक्षा नुकती झालेली,
माझ्या खांद्याला लागते, घाई खूप.
आणि झाडं एकदम सुटलीच.
हेदू अठ्ठ्याऐंशी. मोह सात सेंटिमीटरनी पुढे.
काकड, शिवण, सगळी, जणू कुणी रागावलं होतं त्यांना.
उद्यान विभागातून साहेबांचा फोन:
अभिनंदन मॅडम, खत कोणतं घालता?

मी दोन दिवस खूश होते. खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी पदीबाई, खुरपं न थांबवता:
"झाराला काय ठाव कोनाची छाती कवरी उंच?
खाली मोजलं तं जार भरल, वर मोजलं तं बारीक."

रुहीनचं तोंड उतरलं.
तिला वाटलं, आपण चुकलो.
चुकलं कुणीच नव्हतं.
अकरा वर्षं ही सगळी झाडं
एका उंच माणसाच्या काळजाशी मोजली गेली होती, इतकंच.

मग तिनं बादली पालथी घातली, वर चढली,
हेदूला टेप गुंडाळून ती वर वर सरकवत नेली,
अठ्ठ्याऐंशी, शहाऐंशी, चौऱ्याऐंशी,
साल सुटून तिच्या केसांत पडत होती.
ब्याऐंशी पूर्णांक चारवर थांबली.
"इथं. इथं होती काकांची छाती."

तसं नाही, मी म्हणणार होते.
वर्षभरात झाडही वाढलंय,
ही जागा त्यांच्या छातीच्याही थोडी वर येते.
मी तोंड उघडलं,
आणि मग बादली घट्ट धरून उभी राहिले.

आता आमच्याकडे एक बांबू आहे.
साडेचार फुटांवर पदीबाईनं ओढलेली
तांबड्या ऑइलपेंटची रेघ, जराशी ओघळलेली.
लहानथोर, सगळ्यांना तीच छाती.

वहीत शेऱ्याचा रकाना असतो. कीड, वाळवी,
फांदी तुटली, असलं काही लिहायचं असतं तिथं.
तीनशे सहा वेळा मी लिहिलं:
मोजणारा बदलला.

विभागानं वही तपासली,
शेवटच्या पानावर शिक्का मारून परत पाठवली.
वाढ समाधानकारक.