हंडाभर खारं पाणी

विजयदुर्गच्या अलीकडे, सड्याच्या पायथ्याशी,
जांभ्यात चर खणून पुरल्यात दोन केबली.
एक गळते, दुसरी ते गळणं ऐकत बसते.
मधून कोणी गेलं की ऐकणं अडखळतं.

ती अडखळ आधी आकड्यांत मांडायची, हे माझं काम.
त्यासाठी माणूस सोपा केला:
उंची एकशे साठ सेंटिमीटर, घेर बेताचा,
आत खारं पाणी. हात नाहीत, तोंड नाही.
उभा असला तर चाळीस मेगाहर्ट्झला छान घुमतो,
आडवा झाला की जवळजवळ नसतोच.

नोंदवहीत एक अडखळ ओहोटीबरोबर सरकते,
रोज पाऊण तास उशिरा.
पहारेकरी जांभई देतो, "शेवंती कोयंडे.
कालवां काढूक जाता."
तिची पायवाट केबलीच्या आधीची.

एकदा खिडकीशी थांबली, कोयती पदरात पुसत.
"तुज्या यंत्रात मी कशी दिसतंय रे?"
हंडाभर खाऱ्या पाण्यासारखी, म्हटलं.
खूप हसली. "मगे दर्याक खंय लपवतलंस?"

लपवावा लागत नाही.
भरती जांभ्यात मुरते, रेघ तासन्‌तास चढते,
आणि जे इतकं हळू येतं
ते आम्ही वजा करतो.
कुंपणही असंच आलं होतं, खांबाखांबानं.

आज ओहोटी होऊन गेली. रेघ सपाट.
उंबरठ्याचा आकडा तपासला, जोड तपासले,
केबलीवरून स्वतः चालून पाहिलं: मी दिसतो.
पहारेकऱ्याला विचारायचं मात्र
ऊन वर येईपर्यंत टाळलं.