बुटाचं माप, सेंटिमीटरमध्ये

मे महिना. दुपारचे दोन. सेहेचाळीस पूर्णांक दोन.
कूलरच्या वाळ्यावर तिसऱ्यांदा पाणी मारून झाल्यावर
केतकी लॅपटॉप माझ्याकडे वळवते:
बाबा, जानेवारीचं आत्ताच ठरवलं
तर पंधरा टक्के कमी.

गावाचं नाव चारदा वाचलं,
चारही वेळा वेगळंच आलं.
ओठ गोल करून म्हणायचं असतं म्हणे,
बशीतल्या चहावर फुंकर घालताना होतात तसे.

डोंगराच्या फोटोवर रेघा सोडल्यात,
आजोबा मागावर ताणा लावायचे तशा,
निळी, तांबडी, काळी.
निळी म्हणजे सोपी.
काळीबद्दल केतकी काही बोलत नाही.
ती दोन्ही पाय एकाच फळीला बांधून उतरणार आहे.
रजनीने विचारलं, मग हात कशाला बांधायचे ठेवले?

हेलिकॉप्टरने खाली आणायचा विमा वेगळा.
घेऊन टाका तो, रजनी म्हणाली,
आणि तिखटाची बरणी सामानात चालते का तेही विचारा.

मग रकाना आला: बर्फाचा पूर्वानुभव.

एकतीस वर्षं.
पराते आइस फॅक्टरी, कामठी रोड.
अमोनियाचा वास, गोणपाट, लाकडाचा भुसा,
दीडशे किलोची लादी आणि तिला खेचणारा आकडा.
सुआ कुठे मारला की ती सरळ दुभंगते
हे मला झोपेतही सांगता येईल.
लग्नघरी गेली, मासळीबाजारात गेली, गोळेवाल्यांकडे गेली.
आणि ज्या घरची लेक परदेशातून निघालेली असते
आणि बाप फक्त तिच्यासाठी थांबवलेला असतो, त्या घरी.
त्या लादीचे पैसे आम्ही घेत नाही.
बाबांच्या वेळेपासूनच नाही.

पण आकाशातून पडलेला बर्फ मी पाहिलेला नाही.
भाषेत शब्द एकच, म्हणून
इतके दिवस वाटत होतं, ओळखीचा आहे.
‘नवशिका’वर खूण केली.

बुटाचं माप.
आपला नऊ नंबर तिकडे चालत नाही.
रजनीने फरशीवर कालचा पेपर पसरला,
टाच भिंतीला लावून उभी राहिली,
आणि मी गुडघ्यावर बसून
तिच्या पावलाभोवती पेन्सिल फिरवली.
साडेतेवीस.
लग्नाला सत्तावीस वर्षं झाली,
हा आकडा मला आजच कळला.
गुदगुल्या होतात हो, लवकर करा.

माझा उजवा साडेसव्वीस.
डावा सव्वीसच. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात
अंगठ्यावर लादी आली होती, तेव्हापासून.
फॉर्ममध्ये रकाना एकच.
मोठ्याचं लिहा, केतकी म्हणाली,
लहान्याला मोजा घालू.

संध्याकाळी फॅक्टरीवर गेलो. टेम्पो लागलेला.
फळीवरून लादी सुटली,
तिला कुठे जायचं ते ठाऊक असल्यासारखी सरळ,
आणि खाली डोमाजी उभा:
पंजे आत, टाचा बाहेर, गुडघे मोडलेले,
वजन कुठेतरी पोटऱ्यांत ठेवून.
लादी त्याच्यापाशी येऊन गप्प झाली.

दुपारच्या व्हिडिओतला तो पोरगा,
निळा चष्मा, नाकाला पांढरं मलम,
अगदी असाच थांबत होता.
पहिल्या दिवशी एवढंच शिकवतात म्हणे. थांबणं.

डोमाजीला सांगितलं, जानेवारीत कुठे चाललोय ते.
त्यानं गमछ्यानं मान पुसली.
“पैसे देऊन घसराले चालले का मालक?
इथं तं आमी रोज फुकटात घसरतो.”

हसलो. मग इकडेतिकडे पाहिलं,
टेम्पोवाला बिडी पेटवण्यात गुंतलेला.
चपला काढल्या, ओल्या फळीवर पाय ठेवला.
डोमाजी, म्हटलं, पुन्हा एकदा उभा राह्य तसा.
टाचा नेमक्या किती बाहेर?