नमुन्याचे दोन तुकडे

शिरोलीच्या यार्डात घरं उभीच असतात
दारावर किंमत चिकटवून.
आत नव्या पत्र्याचा वास,
टेबलावर प्लास्टिकची केळी,
आणि उत्कर्ष चौगुले, असेल पंचविशीचा,
भिंतीवर बुक्की मारून दाखवतो:
"बघा मावशी, हलतंय का?"

मी पर्समधून व्हर्नियर काढला.
एकतीस वर्षं फौंड्रीत इन्स्पेक्शनला होते,
खडूनं फुली मारायची नोकरी.
फुलीचं कास्टिंग परत भट्टीत जायचं
आणि मोल्डर दोन दोन दिवस बोलायचे नाहीत.
"अर्धा मिलिमीटर म्हणालास.
इथं पॉइंट अडतीस भरतंय."
"रंग धरून मोजा की."
"रंगासकटच मोजलंय."

हे बाहेर सावलीला उभे.
यांची हयात गुळाच्या बाजारात गेली, काट्यापाशी.
सौद्यात पिवळाधमक रवा आधी उठतो,
काळपट, खरा, मागं राहतो.
हे सगळं बघत यांनी वजनं केली.
चव घेणं यांचं काम नव्हतं.
म्हणून हे दर विचारतात. फक्त दर.

इथं चार ऐंशी.
पलीकडच्या गेटात सहा पंचेचाळीस.
"मधल्या एक लाख पासष्टात," हे म्हणाले,
"दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू,
बोअर,
आणि उरलेल्यात तू म्हणशील ते."
हिशेब चुकीचा नव्हता.
तेच तर अवघड.

दोन्हीकडून एकेक तुकडा मागून आणला, पाटाएवढा.
शाहूपुरीतल्या भाड्याच्या खोल्यांवर, गच्चीत,
टाकीशेजारी मांडला.
रोज सकाळी मिठाचं पाणी शिंपडायचं.
घरमालकीण म्हणाली, "कसलं व्रत धरलंय?"
"तुमच्या खोल्या सोडायचं," मी म्हणाले.
दुपारी एकेकाच्या पाठीवर हात ठेवायची.
स्वस्ताचा आतून चटका,
महागाचा कोमट, झोपलेल्या पोरासारखा.
एकदा यांनीही ठेवला हात.
बोलले काही नाहीत. चहा मागितला.

दर सोमवारी उत्कर्षचा फोन.
"ऑफर एकतीस तारखेपर्यंतच, मावशी."
"तुझं घर कसलं आहे रे?"
जरा थांबला.
"विटांचं. चुलत्यांच्या वाटणीतलं. गळतंय."
मग पुन्हा ऑफर सांगायला लागला,
पण आवाज उतरला होता.

चाळिसाव्या दिवशी गंज आला.
महागाच्या तुकड्याला.

पत्रा साफ. फोम साफ.
स्क्रूच्या टोपीखाली मात्र
कुंकवाच्या टिकलीएवढा लाल डाग,
त्याखाली ओघळ.
सहा लाख पंचेचाळीस हजारांचं घर
आणि बारा आण्यांचा स्क्रू!
मी हसत सुटले, एकटीच, गच्चीत.
हे वर आले, चष्मा कपाळावर सरकवून
डोळा अगदी पत्र्याला लावला,
आणि लग्नाला अडतीस वर्षं झाल्यावर
यांनी पहिल्यांदा मला दर सोडून
काही विचारलं:
"चांगला कसा ओळखायचा?"

पोर्च कापला, सहा लाखांत बसवलं.
स्क्रू आमचे, असं कागदावर लिहून घेतलं.
त्या गेटातला माणूस म्हणाला,
असं कुणी लिहून घेत नाही.
"आम्ही घेतो," हे म्हणाले.

मग लक्ष्मीपुरी.
स्टेनलेसचे, रबरी वॉशरसकट, बावीसशे नग.
हे नवावरून साडेआठवर आणत होते,
मी एकेक उजेडाकडं धरून आटे बघत होते.
दुकानदार वैतागला: "मावशी, गुजरीत जावा की."
पैसे दिले. पोतं यांनी उचललं,
एका हातात क्षणभर तोललं,
आणि परत काउंटरवर ठेवलं.
"शंभरभर कमी आहेत."
दुकानदार हसला. मोजायला बसला.
हसू साधारण दीड हजाराच्या पुढं मावळलं.
अठ्ठ्याण्णव कमी.

रिक्षात पोतं आमच्या दोघांच्या मध्ये.
शियेच्या माळावर दीड गुंठ्यात
सध्या नुसतं जोतं आहे, त्यावर कुणाचं तरी कुत्रं झोपतं.
क्रेन बुधवारी येणार.
आठ दिवसांत घर उभं, म्हणतात.

म्हणू देत.
पर्समध्ये खडू टाकून ठेवलाय.