अंशतः

आमदार निवासाच्या दुसऱ्या माळ्यावर
हीटरची एकच कांडी पेटते.
तिच्या लाल उजेडात मी विशेषणं खोडतो.

‘निर्घृण’ चालत नाही. ‘बिचारा’ही नाही.
प्रश्नात मत नसावं, उपरोध नसावा.
बावीस हिवाळ्यांत हे इतकं अंगात मुरलंय
की घरी जेवताना बायकोलाही विचारतो,
वरणात मीठ कमी पडले, हे खरे आहे काय,
असल्यास, त्याची कारणे काय आहेत?

गेल्या डिसेंबरात पंचफुलाबाई कोहळे आल्या,
मोहगाव नाक्याहून, दोन बस बदलून.
मांडीवर पिशवी, पिशवीत फोटो, फोटोत राजेराम,
सव्वीस वर्षांचा, सेंट्रिंगच्या फळ्या वाहायचा.
ऑक्टोबरात एका रात्री ठाण्यात नेला.
सकाळी मेडिकलला आणला, झाकलेला.
दोन तास बोलल्या. कपबशी हातातच राहिली,
चहावर साय धरली.
मडावीताई ऐकत होत्या, मी लिहीत होतो.
दोन तासांचे शेवटी चार उपप्रश्न झाले:
(१) कोठडीत मृत्यू झाला, हे खरे आहे काय,
(२) त्या रात्री तेथील कॅमेरा बंद होता, हेही खरे आहे काय,
(३) असल्यास, केव्हापासून,
(४) नसल्यास, चित्रीकरण कोठे आहे?

‘एवढंच?’ बाई म्हणाल्या.
एवढंच, मावशी. रडणं घातलं की स्वीकारत नाहीत.

उत्तर यायला वर्ष गेलं. अतारांकित, छापील:
(१) होय.
(२) हे अंशतः खरे आहे.
(३) तांत्रिक बिघाडामुळे, ११ फेब्रुवारीपासून.
(४) प्रश्न उद्भवत नाही.

प्रश्न उद्भवत नाही.
हे वाक्य टंकणारा माणूसही सध्या इथंच असेल,
गृह विभागाच्या ट्रंकांसोबत मुंबईहून आलेला,
कानाला मफलर, सीताबर्डीवर स्वेटरचा भाव पाडत.
आम्ही कधी भेटलो नाही.
पण त्याचा स्वल्पविराम मी ओळखतो.
अडचण असली की तो वाक्य लांबवतो,
फारच असली की एका शब्दात संपवतो.

बाई पुन्हा आल्या. म्हणाल्या, वाचून दाखव.
दाखवलं.
‘अंशतः म्हंजे का?’
म्हणजे थोडं खरं, थोडं नाही.
‘पोरगा तं पुरा मेला नं, बाबू.’

खाली कुठल्यातरी मोर्च्याचा भोंगा तपासत होते,
हॅलो, हॅलो, आवाज येऊन राह्यला का.
मी कपाट उघडलं.

लोक म्हणतात उत्तरं रद्दीत जातात. माझ्याकडची जात नाहीत.
वाळवी लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला घालून
अधिवेशनानुसार बांधून ठेवलीत,
आपल्या पक्षाची, त्यांच्या पक्षाची, हरलेल्यांची,
एका वारलेल्याचीसुद्धा.
राजेरामच्या आधीच्या जुलैतला गठ्ठा सोडला.
दुसऱ्याच कुणी सदस्यानं, दुसऱ्याच कशासाठी
जिल्ह्यातल्या ठाण्यांचे कॅमेरे विचारले होते.
विवरणपत्र ‘अ’, ओळ सदतीस:
मोहगाव नाका. एकूण चार. सुरू चार.

फेब्रुवारीपासून बंद. जुलैत सुरू.
दोन्ही कागदांखाली खातं एकच.

हीटरजवळ बोटं शेकली. कोरा कागद घेतला.
(१) जुलैमध्ये सभागृहास चारही कॅमेरे सुरू असल्याचे
सांगण्यात आले होते, हे खरे आहे काय,
(२) त्यांपैकी एक फेब्रुवारीपासून बंद होता, हेही खरे आहे काय,
(३) असल्यास, सभागृहास दिलेल्या खोट्या

इथं थांबलो. ‘खोट्या’ खोडलं.
वर लिहिलं, ‘विसंगत’.

बाईंनी त्या रेघेवर बोट ठेवलं.
काय खोडलं?
मी तो शब्द त्यांना हळू आवाजात वाचून दाखवला.
‘हं,’ त्या म्हणाल्या,
आणि थंड झालेला चहा
साय बाजूला सारून प्यायल्या.