स्वीडन

चौऱ्याण्णव सालच्या वर्ल्ड कपात, भल्या पहाटे,
तालमीतल्या एकुलत्या टीव्हीवर
पिवळ्या जर्सीतला कोणीतरी हवेत उठून हेड मारताना दिसला,
आणि हिंदुराव सरनाइकानं त्याच सकाळी
आईच्या हळदीत बनियन बुडवला.
तेव्हापासनं पेठेत त्याचं नाव स्वीडन.

शाहू स्टेडियमवर, पलीकडच्या पेठेविरुद्ध,
मी उजवीकडनं क्रॉस टाकायचो
न बघता. गडी तिथं असायचाच.
एका फायनलला तीन घातले
तेव्हा गुलाल एवढा,
की बनियन परत पिवळा झालाच नाही.

गुडघा गेला तो सरावात,
साध्या खड्ड्यात.
गोव्याच्या क्लबचं पत्र आलेलं;
ते अजून मीटरच्या पेटीत आहे,
लाइटबिलांच्या मागं.

आता उद्यमनगरात लेथवर उभा असतो
डाव्या पायावर भार देऊन.
मॅचच्या दिवशी चौथ्या पायरीवर
शेंगा फोडत बसतो. पोरं ओळखत नाहीत,
तोही सांगत नाही.

फक्त उजवीकडनं चेंडू उचलला गेला
की मांडीवरची टरफलं सांडतात,
स्वीडनची टाच जमीन सोडते.
शेजारी बसून बघतोय मी, वीस वर्षं झाली,
अजून वेळेवर.