इशारा पातळी

बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात
कृष्णेचे फूट लिहिले.
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका.
आयर्विन पुलाखालचं पाणी
झोपेतसुद्धा फोनवर सांगायचे मी,
इंचासकट.

आता डॉक्टर मगदूम माझा कागद
चष्मा कपाळावर सारून वाचतात.
सहा पूर्णांक एक.
डायबेटीस नाही म्हणायचा अजून,
काठावर आहात.
म्हटलं, डॉक्टर, काठावरच जन्म गेलाय.
इशाराच ना? धोका नाही ना?
ते हसले. मग गुडघ्याचा एक्स-रे
उजेडाला धरला,
आणि हसायचे थांबले.

साखर म्हणते, चाल.
गुडघा म्हणतो, बस.
दोन साहेब, दोन शेरे, फाईल एकच,
मधे मी कारकून.
नोकरीत असं झालं की आम्ही
दोन्हीकडे "होय साहेब" म्हणायचो
आणि जमेल तेवढं करायचो.

पहाटेचं काय सांगू.
बोटं कुणी रात्रीतून डिंकानं चिकटवलेली,
दुधाची पिशवी दातानं फाडते.
पहिली दहा पावलं भिंतीची, माझी नव्हेत.
गुडघ्यात कुणीतरी भडंग चावतंय.

तरी सहा-चाळीसला पुलावर असते.
घाटाच्या पायऱ्या सोडल्या,
देवाला वरूनच हात जोडते.
पूल सपाट आहे, तेवढे त्याचे उपकार.
सांगलवाडीकडून मुमताज शिकलगार येतात.
त्यांचा डावा गेलेला, माझा उजवा.
दोघींत मिळून एक धड बाई होते, म्हणतात त्या,
आणि ती एक बाई निघते,
कठड्याला धरून, सुनांविषयी बोलत.

पहिल्या आठवड्यात हट्टानं
या टोकापासून त्या टोकाला गेले होते.
तीन दिवस पलंगावर पडून
पंख्याची पाती मोजली.
आता तिसऱ्या दिव्यापर्यंत. कधी चौथ्या.
जेवल्यावर गच्चीत दहा मिनिटं,
बातम्या लागल्या की खुर्चीत बसून
पाय वर, पाय खाली.
नातू विचारतो, आजी, विमान उडत का नाही?
कवलापूरचं आहे रे, म्हणते.

परवा भाभींच्या भाचीचं ठरलं.
पदरातून एक पेढा निघाला.
अर्धा त्यांनी, अर्धा मी,
खाताना दोघी नदीकडे बघत होतो.
मग चौथा दिवा आला, गेला,
कुणीच थांब म्हणालं नाही.
पाचव्याला हात लावून परतलो.
लोखंड गार होतं.

पाणी चढलं म्हणून
खात्यात कुणी नदीवर चिडत नसे.
दर तासाला जायचं, बघायचं, लिहायचं.

अजून लिहिते, कॅलेंडरच्या पाठीवर.
दिवा पाचवा. दुखणं मध्यम.
पेढा अर्धा, हे जरा बारीक अक्षरात.
शेवटी शेऱ्याचा रकाना आखलाय सवयीनं.
त्यात काय लिहायचं सुचत नाही,
तो तसाच मोकळा.