तीनच्या घरात

शारजाबाहेरच्या या वस्तीचं नावच सजा.
आमच्याकडे तलाठ्याच्या हद्दीला म्हणतात,
मी ड्रायव्हरला सांगितलं.
तो पेशावरचा. हसला.
आमच्याकडे तर शिक्षेला, म्हणाला.

मेसच्या टेबलावरून नुकतंच ओलं फडकं फिरलेलं.
त्यावर माझा टॅबलेट, पाण्याची बाटली,
ओळखपत्र उलटं पडलेलं.
कॅम्पबॉस शाजी दारात खुर्ची टाकून.
बघत नव्हता. ऐकत होता.

प्रश्नावली मीच मराठीत आणलेली.
ऑफिसात 'सहमत' लिहिताना छान वाटलं होतं,
इथे पहिल्याच माणसाने विचारलं,
सहमत म्हणजे सही करायची का?
मग मी तोंडी बदललं. पटतं? थोडं पटतं? मुळीच नाही?
असं बदलायला मनाई आहे.

अकरानंतर थेट पंधरावा प्रश्न.
मधले तीन परवानगीसाठी गेले ते परत आले नाहीत,
पुढचे आकडे मात्र कुणी मागे घेतले नाहीत.
काढलेल्या दाढेच्या जागी जीभ जावी
तसं माझं बोट दर वेळी तिथे जातं.

दाऊद परकार, सत्तेचाळीस, परांची बांधतो,
बावीस वर्षं इकडे.
आयुष्याबद्दल किती समाधानी, एक ते पाच?
'चाललंय.'
कितीवर चाललंय, दाऊदभाई?
'पगार आला की चाललंय. नाही आला तर चालवायचं.'
मी तीन लिहिला.

चौघांच्या खोलीत आठ जण राहतात ना इथे,
तसे माझ्या तीनच्या घरात
बरं आहे, ठीक, अल्हमदुलिल्लाह, काय सांगायचं आता,
गावाकडे पाऊस कसा आहे,
आणि एक नुसती मान, जी हो म्हणाली की नाही
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुमचं मत सांगा, मी पुढचं वाचलं.
'मत?' तो म्हणाला, 'ते गावाला असतं.
यादीत नाव आहे, कुणीतरी देऊन टाकतं.
गेल्या खेपेला भाऊ फोनवर म्हणाला,
अरे, तुझ्या बोटाला शाई लागली की!
मी इथे बोट बघितलं.'
मागचे हसले. शाजीही.

प्रश्न एकोणीस.
बहुतेक माणसांवर विश्वास टाकता येतो, पटतं का?
खबूस फाडणारे तिघे थांबले.
खुर्ची करकरली.
दाऊदने दोन्ही पंजे टेबलावर पालथे ठेवले,
'चार,' म्हणाला. 'चार लिहा.'
टेबलापलीकडे मी होते, हातभर अंतरावर,
आणि तो पार दारापर्यंत ऐकू जाईल असं बोलला.

माहीत नाही म्हणाला तर अठ्ठ्याण्णव,
उत्तर द्यायचं नाही म्हणाला तर नव्याण्णव,
नियमावलीत सगळ्याची सोय आहे.
मोठ्याने म्हटलेल्या चारची नाही.
चार लिहिला.

रात्री साडेअकराला फोन.
कार्ड मीच वाटलेलं, शंका असल्यास म्हणून.
मागे वारा होता, म्हणजे खोलीबाहेर आला असणार,
सिमेंटच्या फॅक्टरीकडच्या कुंपणाशी.
'बाई, तो एकोणिसावा. दोन करा.'
जरा थांबला.
'एक नको. दोनच.
शाजीचं काही नाही हां, तो बिचारा नोकरी करतो.'
मग कुणाचं? मी विचारलं.
'ते तुमच्या कागदात नाही.'

फाइल दहालाच गेली होती.
तिच्यात दाऊद नव्हता, परकारही नव्हता,
एकशे सात होता, आणि त्याच्यापुढे चार.
उघडायचा अधिकार मला नाही,
ज्याला आहे तो तिकडे लंडनला असतो
आणि त्याने कारण विचारलं असतं.

केलं, मी म्हटलं.
'केलं ना?'
केलं, दाऊदभाई.
'मग झोपतो आता.'